मोठी माणसं नसताना

साधना खंडारे मूळची बाळापूरची. चांदूर बाजारच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि दर रविवारी अमरावतीत, राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासच्या वरच्या हॉलमध्ये पोरांना नाटक शिकवायची. लग्न केलं नव्हतं. पण पोरांच्या मनातलं आपल्याला बरोबर कळतं, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी बालनाट्य स्पर्धेसाठी तिनं स्वतःच नाटक लिहिलं. सहलीला मेळघाटात गेलेली मुलं, दरड कोसळून बंद झालेला रस्ता, मोठी माणसं पलीकडे अडकलेली. तिनं वाचलेल्या गोष्टींत, पाहिलेल्या सिनेमांत अशी एकटी पडलेली पोरं बघता बघता रानटी व्हायची. कोणी सरदार होई, कोणाच्या हातात काठी येई, आणि जो दुबळा त्याच्यावर सगळे तुटून पडत. साधनाच्या नाटकातही तेच होतं. पण ते काही केल्या उभं राहत नव्हतं. पोरं काठ्या उगारायची, बोंबलायची, आणि सगळं खोटं वाटायचं.

"मॅडम, आमी असं नाही करत," एका रविवारी रश्मी म्हणाली. अकरा वर्षांची, अंगानं किरकोळ. तिचा बाप धर्मेंद्र एसटीत कंडक्टर, दिवसभर अकोल्याच्या गाडीवर. घरी कोणी नसायचं म्हणून सात वर्षांच्या सुगतला, धाकट्या भावाला, ती सोबत आणायची.

"मग काय करता?"

रश्मी सुगतकडे बघू लागली.

"बरं, मी नाही इथं. कोणीच मोठं नाही. दाखवा करून." साधनानं दार ओढून घेतलं आणि ती शेजारच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे, हॉलकडे उघडणाऱ्या जाळीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आधी नुसता धिंगाणा झाला. कोणी चप्पल फेकली, कोणी टेबलावर चढलं. मग वीज गेली, पंखे थांबले, आणि पोरं आपोआप गप्प झाली. भर दुपारची वेळ, पण पडदे ओढलेले. हॉलमध्ये मळकट उजेड तेवढा उरला. खुर्चीवर पडलेली साधनाची ओढणी रश्मीनं डोक्यावरून घेतली.

"चला, पानावर बसा."

आवाज रश्मीचा नव्हता. थोडा घोगरा, दमलेला, एखाद्या संसारी बाईचा होता. पोरं रांगेत मांडी घालून बसली. टेबलावर चढलेला पोरगाही मुकाट्यानं उतरून बसला. रश्मी वाकून एकेकाच्या पुढ्यात काहीच नसलेल्या पातेल्यातून वाढत गेली. "घे ना बाबू, वरण घे. कावून तोंड पाडून बसला? गरम हाय, फुकून खाय." पोरं खरोखर फुंकर मारत होती.

रांगेच्या टोकाला सुगत होता. त्यानं मान वर केली. "मम्मी, तू कवा येशीन?"

"दोन दिवसात येतो. ताईले तरास देऊ नको."

बाहेर राजापेठेत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. दार उघडून आत जावं असं साधनाला वाटलं, पण पाय उचलेना. पोरांनी हात धुतल्यासारखं केलं, रश्मीनं ओढणी उतरवून घडी केली, तेव्हा कुठे ती आत गेली.

क्लास सुटल्यावर जिन्यात तिनं रश्मीला थांबवलं. रश्मीनं काही लपवलं नाही. कोरोनात मम्मी दवाखान्यात गेली, जाताना 'दोन दिवसात येतो' हेच बोलली होती. ती परत आली नाही. सुगत तेव्हा चारचा. जेवायचाच नाही. बाबा ड्युटीवर. "मग मी मम्मीचा आवाज काढला. जेवला तो. रोज काढतो. आता त्याले हाच मम्मीचा आवाज वाटते." मग हळूच म्हणाली, "कधी कधी सुगत झोपला असते, मी एकटीच असतो, तरी येते तो आवाज. मी काढत नाही."

त्या रात्री साधनाला झोप लागली नाही. नाटक कशाचं हवं ते तिला समजलं होतं, आणि ते रंगमंचावर आलं तर बक्षीस कुठे जात नाही, हेही. पुढच्या रविवारी तिनं भीत भीत विचारलं.

"लोकायसमोर नाही, मॅडम," रश्मी म्हणाली. "लोकं टाळ्या वाजवतीन. मग मम्मी येणार नाही."

साधनानं पुन्हा तो विषय काढला नाही. जुनंच नाटक, काठ्यांचं, स्पर्धेत झालं. परीक्षक म्हणाले, लहान मुलांचं मन अचूक पकडलंय. दुसरं बक्षीस मिळालं. साधनानं ते घेतलं आणि कपाटात खाली, कपड्यांमागे सारून दिलं.

पण एक गोष्ट तिनं केली. बसस्टँडवर धर्मेंद्रला गाठून सगळं सांगितलं. तो तिकिटांचं मशीन हातात धरून ऐकत राहिला. मग गाडीची वेळ झाली, तसा गाडीत चढला.

त्यानंतर रश्मी क्लासला यायची थांबली. आपण पोरीचा विश्वास मोडला, असं साधनाला वाटत राहिलं. हॉल रिकामा झाला की ती त्या जाळीच्या खिडकीकडे बघायचं टाळायची.

पावसाळा संपता संपता धर्मेंद्र स्वतःच क्लासच्या जिन्याशी येऊन उभा राहिला.

"रजा टाकून दुपारी घरी गेलो होतो, मॅडम. दाराबाहेरूनच आवाज आला. तिचाच होता, माह्या बायकोचा. मी पायरीवर बसलो. आत जायची हिंमत होईना. मग गेलो. सुगतच्या बाजूले बसलो, म्हटलं, मलेही वाढ. पोट्टीनं माह्याकडं पायलं. वाढलं. त्याच आवाजात म्हणे, हात धुतले काय? मी उठून हात धुतले, आन् जेवलो."

"आणि मग?"

"मग रश्मी रडली. तिच्या सोताच्या आवाजात. तीन वर्षांत पयल्यांदा." आता त्यानं शहरातली ड्युटी मागून घेतली होती. दुपारचं तोच वाढायचा.

दिवाळीनंतर रश्मी परत आली. साधनानं तिला नव्या नाटकात एका शेजारणीचं काम दिलं. ती स्वतःच्याच आवाजात, पण इतकं हळू बोलायची, की मागच्या बाकावरची पोरं ओरडायची, "ऐकू नाही येत!" साधना इतरांना आवाज चढवायला लावायची. रश्मीला तिनं तसं कधी सांगितलं नाही.