मालनने वाळवलेली पूड

मालन भाटकर ओली वस्तू ओलीच ठेवून देणारी बाई नव्हे. सुकट असो, कोकमाची सालं असोत, नाहीतर पाहुण्याची भिजलेली छत्री असो, ऊन दिसलं की तिचे हात शिवशिवतात. तिचा नवरा जहाजावर असतो. वर्षातून चार महिने घरी येतो आणि त्या चार महिन्यांत आपल्याला अंगणात पाय ठेवायला जागा मिळत नाही, अशी त्याची तक्रार आहे. मालन ऐकून घेते आणि त्याच्या खुर्चीवर पापडाचं ताट ठेवते.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासेमारीच्या जाळ्यांचा दोरा रंगवणारा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या मागच्या सांडपाण्याच्या टाक्या गेली सात वर्षं मालन सांभाळते. त्याआधी सोळा वर्षं ती खाडीत मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायची. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहायचं, हाताने चाचपून ते वेचायचे, टोपली भरली की बाजार. कंबरेने दगा दिला म्हणून ती कारखान्यात आली, पण तिची नणंद विमला अजून खाडीतच आहे. नोकरीचं काही खरं नसतं, खाडी कुठे जात नाही, असं मालन नेहमी म्हणायची आणि त्यावर निर्धास्त असायची.

दिवाळीनंतर कॉलेजातली मृणाली कारखान्यात आली. चष्म्याची, किडकिडीत, भराभर बोलणारी मुलगी. सांडपाणी शुद्ध करायचा तिचा प्रयोग होता आणि तो पटला तर मालक कायमचा बसवणार होते. तिने डबाभर काळी पूड आणली. लोखंडाचीच, पण एका केसाच्या रुंदीत हजार कण शेजारी शेजारी मावतील इतकी बारीक. तिला नॅनो म्हणायचं, हे मालनने पहिल्याच दिवशी पाठ केलं. निळंहिरवं पाणी टाकीत घ्यायचं, पूड घालून अर्धा तास घुसळायचं. रंग आणि त्यातलं विष ती पूड ओढून घेते. मग पाणी पन्हळीतून सोडायचं. पन्हळीत चुंबकाच्या आठ कांड्या उभ्या. पूड कांड्यांना चिकटते, नितळ पाणी नाल्यात जातं आणि नाला खाडीत. कांड्या धुतल्या की पूड परत डब्यात.

पूड कायम पाण्यात बुडलेली ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं, एवढं मृणालीने बजावून सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मालननेही विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला असं काही विचारायचं नसतं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं.

शिमग्याला कारखाना पाच दिवस बंद राहणार होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी मालनने डबा उघडून पाहिला आणि तिला राहवेना. पाच दिवस, बंद डब्यात, ओलं. आंबणार, वास मारणार, आणि मृणालीची एवढी मेहनत आपल्या आळसापायी वाया जाणार. तिने वरचं पाणी ओतून टाकलं, गच्चीवर ताडपत्री टाकली आणि पूड पातळ पसरली. दिवसभरात दोनदा जाऊन हात फिरवून आली. संध्याकाळपर्यंत पूड खडखडीत वाळली, जरा तांबूसही झाली. सुकटीचा रंग तरी कुठे राहतो, असं म्हणून तिने डबा भरला आणि दारी येणाऱ्या ग्रामदेवीच्या पालखीची ओटी भरायला मोठ्या समाधानाने घरी गेली.

सुट्टी संपल्यावर झाकण उघडलं तर आत जांभ्याच्या मातीसारखी लाल पूड. मालनने चिमूटभर बोटांत चोळून पाहिली. पण सुपरवायझर हरिश्चंद्र मागे उभा, टाक्या तुंबलेल्या, रंगाचं काम सुरू करायची घाई. लोखंड ते लोखंडच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पूड टाकली, घुसळलं. पाणी गढूळ तांबडं झालं. पूडच लाल, मग पाणी लाल दिसणारच, हीसुद्धा समजूत तिनेच घातली आणि पन्हळीची झडप उघडली.

टाकी रिकामी झाल्यावर तिने पहिली कांडी उचलली. कांडी लख्ख होती. दुसरीही तशीच. आठही कांड्या घासून ठेवलेल्या तांब्यासारख्या चकचकीत निघाल्या. डबाभर पुडीतला कणही चुंबकाने धरला नव्हता.

साडेदहा वाजले होते. पाणी खाडीत पोचायला तास-दीड तास. दोनला पूर्ण ओहोटी, म्हणजे बारापासून विमला आणि वाडीतल्या बायका चिखलात उतरणार. मालनने कांड्या परत पन्हळीत उभ्या केल्या. तिने पदराला हात पुसले आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

हरिश्चंद्रला सांगितलं तर तो दार लोटून घेत म्हणाला, "मालनबाई, आपल्याकडं माती लाल, पाणी लाल. वरच्या चिरेखाणीतला पाणी आला असा समजतील. तुम्ही तोंड उघडू नका, कोणी विचारणार नाय."

खरं होतं. कोणी विचारलं नसतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

कोपऱ्यात जाऊन तिने मृणालीला फोन लावला. पूड वाळवली म्हटल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, रंग कसला झालाय. मग मृणाली सांगू लागली. हवा लागली की ही पूड गंजते, गंजली की चुंबक तिला धरत नाही. लोखंडाचं एवढं भय नाही, पण दिवाळीपासून पुडीने ओढलेलं रंगातलं विष तिच्यावर बसलेलं आहे. शेवटी ती म्हणाली, "काकी, चूक माझी आहे. का ते मी सांगायला हवं होतं." मग तिने विचारलं, "मुळे पाणी गाळतात ना?"

"दिवसभर तेच करतात," मालन म्हणाली. घरी आणलेले मुळे मिठाच्या पाण्यात ठेवले की ते पोटातली रेती कशी थुंकतात, हे तिने हजारदा पाहिलेलं. रेती ते थुंकतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढं जे आत जाईल, ते थुंकतात का, हे तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं. मृणालीलाही माहीत नव्हतं. नमुने घ्यायला बाटल्या घेऊन खाडीवर येते, तपासल्याशिवाय कोणी खाऊ नये, एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवून मालन पन्हळीशी उभी राहिली. सांगितलं तर नोकरी जाईल, मुलीचा प्रयोगही बुडेल. नाही सांगितलं तर आज संध्याकाळी विमला नेहमीसारखी वाटीभर मुळे घेऊन दारात येईल, "वयनी, तुझ्या वाटणीचे" म्हणेल, आणि ती वाटी आपण कोणत्या तोंडाने घेणार? त्या वाटीपाशी तिचा विचार अडला, पुढे जाईना. हरिश्चंद्र हाका मारत होता. विमलाकडे फोन नव्हता. मालनने चप्पल घातली आणि फाटकाबाहेर रिक्षा धरली.

खाडीवर पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. सातआठ बायका चिखलात वाकलेल्या. पाणी रोजच्यासारखंच दिसत होतं, तांबूस छटाही कुठे नव्हती. ती कामावरच्या साडीनिशी तशीच आत उतरली.

"विमल, आजचे मुळे टाक. कोणी खायचे नाय, विकायचे नाय."

विमला कंबर धरून सरळ झाली. "काय झाला गो वयनी?"

मालनने सगळं सांगितलं. ताडपत्रीसकट सांगितलं. बायका हातातलं काम सोडून ऐकत राहिल्या. एकीने आपल्या टोपलीत पाहिलं आणि टोपली अंगापासून लांब धरली.

"किती दिवस?" विमलाने विचारलं.

"माहीत नाय. ती मुलगी येतेय, तपासून सांगेल."

विमलाने मूठभर मुळे तपासायला म्हणून ओच्यात बांधले आणि बाकीची टोपली पाण्यात उपडी केली. ती रागावली असती तर मालनला बरं वाटलं असतं. पण विमलाला भावजयीचीच काळजी लागली होती.

"कामावर सांगून आलीस?"

"नाय."

"मग आता काढतील तुला. काढूदेत. यायचा परत आमच्याबरोबर, हितं..." विमला पाण्याकडे बघत थांबली.

मालनही पाण्याकडेच बघत होती. मग दोघी काठावर येऊन मृणालीची वाट बघत बसल्या. विमलाने रिकामी टोपली सवयीने उन्हात पालथी घातली. मालनने ती उचलून सावलीत ठेवली.