सहा वेळा वाजलेला हॉर्न

गाडी बंद पडते ती एकतर पेट्रोल पोचत नाही म्हणून, नाहीतर करंट पोचत नाही म्हणून. तिसरं कारण नसतं! रत्नागिरीत गॅरेज चालवताना मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचो, आणि बॉनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल करायचो. तरीही हे लिहितोय...

१९८६ चा मे महिना. धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न राजापूरला होतं. मुहूर्त दुपारी बारा पाचचा. वऱ्हाड एसटीने पुढे गेलं होतं. मागून माझ्या जुन्या गाडीतून नवरी, आई आणि मी. लांजा सोडलं आणि दहाच्या सुमारास एका चढावर इंजिन गप्प झालं.

पेट्रोल येत होतं. बॅटरी ठणठणीत. प्लगला मात्र करंट नाही. कॉइल बदलली, पॉइंट घासले... काही नाही. अकरा वाजायला आले. आई खाली उतरून देवाचं नाव घेत होती. सुमनही शालू सावरत उतरली.

"दादा, एसटीला हात करू काय? उभ्याने जाईन, पण जाईन हां!" म्हणाली आणि खदखदून हसली. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. सहा वेळा. थांबला. पुन्हा सहा वेळा.

"आई, हात काढ तो!" मी बॉनेटखालून डोकं न काढताच ओरडलो.

"मी हय तुझ्या शेजारी उभी आहे रे..."

गाडीत कुणीच नव्हतं. शॉर्ट झालं असणार म्हणून मी हॉर्नची वायर उपटली. वायर माझ्या हातात — आणि हॉर्न वाजला. सहा वेळा.

सहा! ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या तात्या मिस्त्रींनी प्रत्येक बिघाडाला नंबर देऊन ठेवला होता. नुसतं इंजिन ऐकून ते गॅरेजच्या दुसऱ्या टोकाहून आकडा ओरडायचे. सहा म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या आतली बारीक वायर — वरून धड, आतून तुटलेली. ती मी मघाशी पाहिली होती, अगदी धड दिसली होती. आता चिमटीत धरून ओढली, तर वरचं आवरण रबरासारखं ताणलं. आत तार तुटलेली! दुसरा तुकडा जोडला आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. सुमन रस्त्यातच टाळ्या पिटायला लागली.

पावणेबाराला मांडवात पोचलो. हात धुवायला सवड कुठली? कानपिळीला त्याच काळ्या हातांनी नवरदेवाचा कान पिळला. बिचारा दिवसभर एक कान काळा घेऊन हिंडत होता, आणि सगळा मांडव हसत होता.

आठ दिवसांनी लाडू घेऊन गुहागरला तात्यांकडे गेलो. शिमग्यापासून त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. काकू दारातच म्हणाल्या, "अरे, ह्यांचा हात हलला!"

"कधी?"

"तुझ्या सुमीच्या लग्नादिवशी, अकराच्या सुमाराला. बोट खाटेवर आपटायला लागले. टक टक टक... मी मोजलं ना. सहा झाले की थांबायचे, परत सहा."

मी हॉर्नबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. खाटेपाशी बसलो, तशी तात्यांनी माझ्याकडे बघत जीभ महत्प्रयासाने वळवली.

"सु... सुटली ना गाडी?"

हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो बिघाडाचा नंबर सांगतो. माझ्या त्या गाडीत साधा रेडिओसुद्धा नव्हता. आणि लुळा हात असा आपोआप सुधारू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण वायर तोडलेला हॉर्न? इतकी वर्षं डोकं खाजवतोय... नाही उलगडलं.

त्या दिवशी तात्यांनी लाडू उजव्या हाताने उचलला. अर्धा अंगावर सांडला. काकू भरवायला पुढे सरसावल्या, तर त्यांनी जोरात मान हलवली — आणि उरलेला अर्धा स्वतःच तोंडात घातला.