कुलूप लावलेला संडास

मस्कतहून सुट्टीवर घरी पोचलो, तर हातपाय धुवायच्या आधीच चुलतभावाने मला मागच्या अंगणात नेलं. खिशातून किल्ली काढून त्याने कुलूप उघडलं आणि कौतुकाने बाजूला उभा राहिला. आत पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात कोरी बादली. वास फक्त चुन्याचा.

"कोणालेच हात लावू देलो नाही," तो म्हणाला. "तुयासाठी राखून ठेवलो."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. हा संडास माझ्यासाठी नव्हताच, तो बाबांसाठी होता.

बाबांना लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती. तरी सकाळी ते शौचाला तळ्याच्या पाळीपलीकडे, म्हणजे बांधामागेच जायचे, मायच्या खांद्यावर भार टाकून. एकदा दोघंही पाळीवरून घसरली आणि बाबांचं कपाळ फुटलं. हे मला मस्कतला कळलं तेव्हा संडासासाठी लगेच पैसे पाठवले. मी चुलतभावाला स्पष्ट कळवलं होतं, बाबांच्या खोलीला लागून बांध, भिंतीतून दार काढ, पायरी एकही नको. त्याने बांधला तो अंगणाच्या पार टोकाला, कमरेइतक्या जोत्यावर, पुढे उंच उंच पायऱ्या. लाखांदूरच्या एसटीतून दिसतो, हे त्याने मला वर अभिमानाने सांगितलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

"अरे, बाबा चढतील कसे?" मी ओरडलो.

तो खाली पाहू लागला. "मिस्त्रीले काय सांगू? काकाले पाळीवर जाणं होत नाही म्हणून? काकाचा मान हाय गावात. मी म्हटलो, परदेशातून भाऊ येऊन राहिला, त्याच्यासाठी बांध."

म्हणजे मिस्त्रीनेही परदेशी माणसाच्या तोलामोलाचं काम केलं. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं. पण सुट्टी थोडीच होती, आणि मी परत गेल्यावर बाबा पुन्हा पडले तर, हा विचार डोक्यातून जाईना.

तसाच मिस्त्रीच्या घरी गेलो. दिवाळी झालेली, गावोगावच्या मंडया सुरू झालेल्या. आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हणजे रात्रभर नाटक. मिस्त्री त्यात राजा होता. दुपारच्या उन्हात अंगणात तालीम रंगली होती आणि हा गडी काठीची तलवार उपसून प्रधानाला दरडावत होता.

"मंडई होऊ द्या ना गा, भाऊ," तो मला म्हणाला. "आता थापीले हात कोण लावते?"

माझा तोल गेला. सगळ्या नटमंडळींसमोर मी ओरडून सांगितलं की माझ्या बापाला चालता येत नाही, शौचाला जाताना तो पडतो, त्याचं डोकं फुटलं, आणि तुम्ही पायऱ्या बांधून ठेवल्या. पेटी वाजवणाऱ्याचा हात थांबला. मिस्त्रीने काठी खाली ठेवली.

"हे पहिलेच सांगतलं असतं, त पायऱ्या कायले घातलो असतो?"

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाटकावरून थेट आमच्याकडे आला. डोळ्यांत काजळ, कानामागे लाल रंग तसाच. घण घेऊन त्याने पायऱ्या फोडल्या आणि ओसरीपासून संडासाच्या दारापर्यंत लांब उतार बांधून काढला. बाजूला धरायला बांबूही बसवला. काम चोख झालं. मी स्वतः त्यावरून चार वेळा गेलो, एक पाय ओढत. शेजारीपाजारी हसले, हसोत.

बाबा मात्र हसले नाहीत. माझं ओरडणं त्यांच्या कानावर आलं होतं.

"साऱ्या गावात सांगतलास ना," एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. उताराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत ते मायला घेऊन पाळीकडे निघत. मी मागून जायचो, लांबून. त्यांचा पाय अडखळला की धावत जाऊन धरावं, तर ते हात झटकून टाकत. मला रागही यायचा आणि रडूही.

जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो. "बाबा, एकदा चला. मी धरतो."

"तुयी बस हाय ना?" ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "जाय मंग."

मायने मला ओसरीत ओढलं. "तू कायले मागं लागतोस त्याच्या?" ती हळूच म्हणाली. "तू हायेस तवरिक तो जात नाही तिथं. ज्या पोराले अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्यासमोर त्याले लाज वाटते. तू नीघ."

दारातून मी आत पाहिलं. बाबांनी शौचाला न्यायचा पाण्याचा गडवा जवळ ओढून घेतला होता आणि डावा हात त्यावर ठेवला होता. सकाळपासून ते पाळीकडे गेलेच नव्हते.

बसला अजून बराच वेळ होता. मी बॅग उचलली, पाया पडलो आणि निघालो. फाटकापाशी आलो तेव्हा मागे खाट करकरली, मायचा "हळू, हळू" असा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते परत बसले असते.