नवसाचं बोलणं

बरीच वर्षं माझ्या मनात एक भीती होती. माझं बोलणं हे माझं नाहीच, ते देवाकडून मागून आणलेलं आहे, आणि मी ते नीट सांभाळत नाहीये. ही भीती मी कोणाला सांगितली नव्हती. सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलेलं होतं.

मला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्यांनी हा शब्द काढला त्यांना माझा नमस्कार, पण खरंच स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं? मला तर शेजाऱ्यांचा फ्रीज, रस्त्यावरचा हॉर्न आणि समोरच्याचं बोलणं, सगळं सारख्याच जोरात ऐकू येतं. माझ्या लहानपणी कर्वेनगरात केबल टीव्ही पोचला होता, हा शब्द मात्र पोचला नव्हता. त्यामुळे मी पाच वर्षांची होऊनही बोलत नव्हते तेव्हा लोकांनी आपापली मतं दिली. कोणी म्हणे जीभ जड आहे, कोणी म्हणे लाडावून ठेवलंय. आई शाळेत मराठी शिकवायची. बोलण्यात तिचा हात आजही कोणी धरणार नाही. तिच्या पोटी अशी मुकी मुलगी, याचं तिला किती लागलं असेल ते मला आता कळतं.

शेवटी तिने पेठेतल्या एका छोट्या गणपतीला नवस बोलला. माझी मुलगी बोलू दे, दरवर्षी माघातल्या गणेश जयंतीला तिच्याच तोंडून तुझं स्तोत्र म्हणवून घेईन, ती जिवंत असेपर्यंत. नवस आईने बोलला आणि फेडायचा मी, असा तो सौदा होता. पुढे काही महिन्यांनी आई मिक्सरमध्ये चटणी वाटत असताना मी कानावर हात ठेवून ओरडले, "बास!" हा माझा पहिला शब्द. आई सांगते, तिने मिक्सर बंद केला आणि ओट्यापाशीच रडत बसली. त्यानंतर हळूहळू मी बोलू लागले. दर माघात देवळात उभी राहून स्तोत्र म्हणू लागले. नातेवाईक कौतुकाने म्हणायचे, बघा, नवसाला पावला.

पावला, यात शंका नाही. पण बोलणं मला किती महाग पडतं हे कोणालाच माहीत नव्हतं. शब्द माझ्या डोक्यात तयार असतात, लिहायला बसले तर भराभर उतरतात. तोंडातून काढायचे म्हटलं की प्रत्येक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा ओढावा लागतो. शिकले, बाबा गेले, खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. काम मला आवडायचं. चुका सापडायच्या, त्या लिहून कळवायच्या. पण दिवसभर मीटिंगा आणि कॉल असायचे. "अगं, दोन मिनिटं कॉलवर ये ना, लिहीत काय बसलीस?" या दोन मिनिटांनी माझा अख्खा दिवस खाल्ला आहे. संध्याकाळी बसमध्ये बसले की मला उतरायचा स्टॉप सांगता यायचा नाही. घरी आल्यावर आई विचारायची, चहा ठेवू का, आणि मला हो म्हणायलाही जमायचं नाही. ती म्हणायची, "ऑफिसात सगळं बोलून येतेस आणि घरच्यांसाठी काही उरत नाही." टोमणा होता, पण खरं होतं.

आणि एक गंमत सांगते. माझ्या जागी मुलगा असता तर लोकांनी घुम्या म्हटलं असतं. मला मात्र "किती शांत मुलगी, गुणाची हो" असं प्रशस्तिपत्र मिळायचं. आत काय जळतंय याची चौकशी कोणी केली नाही.

त्या वर्षी पौषात माझा घसा बसला. डॉक्टरांनी आठवडाभर बोलू नका म्हणून सांगितलं. ऑफिसात मी सगळ्यांना लिहून कळवलं आणि कामाला लागले. आठवड्यात काय झालं, तर काहीही झालं नाही! कामं झाली, उलट लवकर झाली. संध्याकाळी घरी येऊन मी आईला भाजी निवडायला मदत केली. बसच्या खिडकीतून बाहेर बघितलं. रात्री शांत झोपले. आपल्यात एवढी ताकद आहे हे मला मुळी माहीतच नव्हतं. आठवड्याने घसा बरा झाला आणि मला वाईट वाटलं. लोक बरं झाल्यावर देवाचे आभार मानतात, मी मात्र आरशापुढे उभी राहून म्हणत होते, अरे, इतक्यात कशाला?

तेव्हापासून तो विचार डोक्यातून जाईना. बोलणं थांबवलं तर? लिहायचं, टाइप करायचं, खुणा करायच्या, पण तोंडाने नाही. पण लगेच दुसरा विचार यायचा. हे बोलणं आईने देवाकडून मागून घेतलंय. दिलेली वस्तू "नको" म्हणून देवाच्या अंगावर परत टाकायची? नवस मोडला तर तो कोणावर उलटेल, माझ्यावर की आईवर? सॉफ्टवेअर तपासणारी, चारचौघांत स्वतःला शहाणी समजणारी मी, ही भीती घेऊन हिंडत होते. नवस या गोष्टीची पकड ज्याच्या घरात असते त्यालाच ती कळेल. शेवटी मी मनात देवाला म्हटलं, मला काही ठरवता येत नाही, तूच काय ते बघ.

गणेश जयंतीला आई आणि मी नेहमीप्रमाणे देवळात गेलो. गर्दी होती, घंटा सारखी वाजत होती, कोणाचं तरी मूल रडत होतं. मी देवापुढे उभी राहिले, हात जोडले आणि स्तोत्र सुरू केलं. निम्म्यापर्यंत नीट म्हटलं. मग आवाज गेला. शब्द विसरले नव्हते, सगळे समोर दिसत होते, पण घशातून काही येईना. मी तोंड उघडून तशीच उभी. आईला वाटलं मी विसरले. ती कानाशी पुढची ओळ कुजबुजली, मग जरा जोरात, मग "म्हण ना गं" म्हणाली. मागची माणसं बघायला लागली. मला वाटलं, झालं, मोडला नवस, तोही इथे, त्याच्याच डोळ्यांदेखत.

तेवढ्यात माझ्या मागून एका बाईने पुढची ओळ म्हटली. मोठ्याने नाही, अगदी सहज, आपण घरी म्हणतो तशी. मी वळून पाहिलं. आपल्याकडे बायका स्कूटरवर बांधतात तसा तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, फक्त डोळे दिसत होते, आणि काखेत हेल्मेट होतं. तिने दुसरी ओळ म्हटली आणि शेजारच्या आजोबांनी तिच्यात आवाज मिसळला. मग आणखी दोघे, मग सगळी रांग. घंटा वाजवणारा माणूसही थांबून म्हणू लागला. माझ्या चारी बाजूंनी ते स्तोत्र चाललं होतं आणि मधे मी हात जोडून गप्प उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ते नीट ऐकू आलं. इतकी वर्षं मी ते म्हणण्यात एवढी गुंतलेली असायचे की ऐकलंच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

स्तोत्र पुरं झालं. त्या बाईने स्कार्फच्या आडूनच मला म्हटलं, "घसा बसलाय का हो? ही घ्या, चघळा," आणि प्रसादाची खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. मग गाडी चुकीच्या जागी लावलीय असं काहीतरी पुटपुटत ती घाईने निघून गेली. देव आला होता असं मी म्हणणार नाही. देवाला पोलीस गाडी उचलून नेतील अशी भीती कशाला वाटेल? पण ती नेमकी त्या वेळी माझ्या मागे उभी होती, आणि तिने मला एकही प्रश्न विचारला नाही की उपदेश केला नाही, हे मी विसरू शकत नाही.

बाहेर दोन रिक्षावाल्यांनी कर्वेनगर ऐकताच मान फिरवली, तिसरा तयार झाला. रिक्षात बसलो. आई म्हणाली, "विसरलीस ना?" मी फोन काढला आणि टाइप केलं. "विसरले नाही. आवाज येत नाही. हल्ली वारंवार असं होतं, आणि येतो तेव्हा मी बाकी कशाच्या उपयोगाची राहत नाही. आई, मला बोलणं थांबवायचंय. कायमचं की काही दिवस, माहीत नाही. नवस मोडेल याची भीती वाटते." आईने चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन मला परत दिला. घरी जाऊन तिने कुकर लावला. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. मौन धरायचं होतं मला आणि पाळत होती ती.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिचा बांध फुटला. "म्हणजे मला आई म्हणून हाकही मारणार नाहीस?" ती म्हणाली. "पाच वर्षं वाट बघितली गं मी त्या हाकेची. लोकांची पोरं बागेत आई आई करत धावत यायची आणि मी बाकावर बसून बघायची." मी खरकट्या हातानेच तिचा हात धरला. दोघी रडलो. वरण गार होऊन गेलं.

पंधरा दिवसांनी संकष्टी आली. संध्याकाळी आई म्हणाली, "चल, देवळात जाऊ. तुला काही म्हणायचं नाहीये. मला म्हणायचंय." देवळात ती सरळ गाभाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वर्गात बोलायची तशा खणखणीत आवाजात देवाशी बोलू लागली. "गणराया, मी मागितलं, तू दिलंस. तुझे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण मी मागताना तिला विचारलं नव्हतं. ती आता ते तुझ्या पायाशी ठेवतेय. तिला जमेल तसं ती वापरेल, नाही जमलं तर नाही. स्तोत्राचा शब्द मी दिला होता, यापुढे ते मी म्हणेन, तोंडात दात आहेत तोवर. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. फक्त गुडघ्यांवर नको, ते आधीच गेलेत."

मागे कोणीतरी हसलं. आईने वळून असं पाहिलं की तो माणूस नमस्कार करून बाजूला झाला. मग तिने स्वतः स्तोत्र म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. माझी इतक्या वर्षांची भीती तिथे, त्या फरशीवर उभ्या उभ्या विरघळली. नवस मोडला नव्हता. तो माझ्या खांद्यावरून तिने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता, आणि तिथून देवाच्या. सोपवणं म्हणजे काय, हे मी पुस्तकात पुष्कळदा वाचलं होतं. समजलं ते माझ्या आईला देवाशी भांडताना बघून.

आता ऑफिसात मी लिहून बोलते. साहेबांनी थोडी कुरकुर केली, मग काम पाहून म्हणाले, "चालतंय की, उलट सगळ्याची नोंद राहते." दुकानात फोन दाखवते. काही लोक मला ऐकू येत नाही असं समजून ओरडून बोलतात, त्यांना मी माफ केलंय. कधीतरी एखादा शब्द आपणहून बाहेर येतो. येतो तेव्हा येऊ देते, न आला तर ओढून काढत नाही.

आई मात्र फोनवर मराठी टाइप करायला शिकली. सुरुवातीला काना-मात्रा सापडेनात म्हणून फोनवरच चिडायची. एका रविवारी मी माझ्या खोलीत होते, ती स्वयंपाकघरात, आणि तिचा संदेश आला. "तू बोलत नव्हतीस ना लहानपणी, तेव्हाही मला तू फार आवडायचीस. तासन् तास तुला मांडीवर घेऊन बसायचे. हे तुला कधी सांगितलं नाही. तोंडाने सांगायला जमलं नाही."

एवढं बोलणारी माझी आई. आणि हे तिला तोंडाने जमलं नव्हतं.

मी उठून गेले. ती काहीच घडलं नसल्यासारखी कणीक मळत होती. मी मागून तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "पीठ लागेल अंगाला," ती म्हणाली, पण हलली नाही. देवा, मी तुझ्याकडे वाट मागितली होती. तू मला आई दिलीस, तीही नव्याने. मला यापुढे काही मागायचं नाही.