खोटी करटुली ओळखणारा श्रीमंत

आमच्या गावच्या श्रीमंतला कळत नाही अशी गोष्ट देवानं अजून घडवायची आहे. म्हशीच्या कासेपासून मंत्र्याच्या पोटदुखीपर्यंत सगळ्यातलं त्याला कळतं. श्रीरामपूरला तेरा वर्षं कापडाच्या दुकानात ठाणं उलगडली, तिथून परत आला तो गळ्यात मफलर आणि हातात मोठा मोबाईल घेऊन. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याला. पण या गड्याला तो डोंगर चढताना कुणी बघितलेलं नाही. आणि हाच मेला मोबाईलवर जगाला रानभाज्या ओळखायला शिकवतो! ‘नमस्कार मंडळी, मी तुमचा रानमित्र.’ कसला डोंबलाचा मित्र! घोळीची भाजी म्हणून एकदा त्यानं भलतंच दुधाळ तण घरी नेलं होतं. बायकोनं उंबऱ्यातूनच ते उकिरड्यावर भिरकावलं. तरी गावातले लोक त्याला सर म्हणतात, बसायला खुर्ची देतात.

माझी थोरली जाऊ लंकाबाई नेमकी त्याच्या उलट. तोंडाला कुलूप आणि पायाला भिंगरी. तीन वर्षांमागं तिनं डोंगरातून करटुल्याचे कंद आणून शेताच्या बांधाला लावले. श्रावणात बाजारात ही काटेरी, हिरवी फळं आणली की टोपली खाली ठेवायची फुरसत मिळत नाही. त्या वेलींच्या जिवावर लंकाबाई आणि माझे थोरले दीर अजिनाथ दोन वर्षं ऊसतोडीला गेले नव्हते. त्यांची ज्ञानेश्वरी यंदा दहावीला. करटुली गेली तर हातात कोयता, आणि कोयता म्हणजे पोरीची शाळा बंद. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आषाढात श्रीमंत बांधावर आला. वेली फुलावर होत्या. काही वेलींच्या पिवळ्या फुलाखाली बारीक काटेरी फळ धरलेलं, काहींच्या फुलाखाली नुसती पानाची वाटी. बाकी पान, तणावा, रंग सगळं एकसारखं. यानं चार फुलं तोडली, हुंगली, आणि डॉक्टरनं रिपोर्ट बघावा तसं तोंड केलं.

‘आरारा! अजिनाथ, यातल्या लई वेली खोट्या हायेत.’

‘खोट्या म्हंजी?’

‘दिसायला सेम टू सेम, पर जात रानटी. फुलाखाली फळ न्हाई म्हंजी वेल वांझ. खऱ्या वेलीचं खत खाती ती. उपटून टाक, माल दुप्पट निघंल.’

लंकाबाई पुढं झाली. ‘आमची आई म्हनायची, त्या वेली असू द्यायच्या. त्यांना हात लावायचा न्हाई.’

‘का?’

‘ते न्हाई सांगितलं तिनं.’

श्रीमंत दात काढून हसला. ‘का ते सांगता येत न्हाई म्हंजी अडानीपना झाला, वहिनी!’

आमचे दीर असे, की पँट घातलेला माणूस बोलला की यांचा कणा गेलाच. ‘सर म्हनत्यात तर काडू,’ म्हणाले. श्रीमंतनं मोबाईल सुरू केला आणि आम्ही कंदासकट वेली खणून काढल्या. लंकाबाई तेवढी बांधाखाली पाठ करून बसली. तो व्हिडिओ बघून गावातल्या लोकांनी डोंगरातल्याही तसल्या वेली शोधून शोधून उपटल्या. एवढी हुशार माणसं आमच्याच गावाला कशी मिळाली कोण जाणे!

श्रावण लागला. उरलेल्या वेलींना फुलं आली, खाली बारीक फळं दिसली, पिवळी पडली आणि गळाली. रोज सकाळी लंकाबाई बांधावरून रिकामी पाटी घेऊन यायची. श्रीमंत आधी म्हणाला पोटॅश कमी पडलं. मग म्हणाला हवामान. शेवटी म्हणाला कुणाची तरी नजर लागली.

भादव्यात कृषी सहायक आरती मॅडम आल्या. त्यांनी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेली बघितल्या आणि विचारलं, ‘नर वेली कुठायत?’

‘वेलीत बी नर?’ दिरांनी विचारलं.

‘अहो, करटुल्यात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ कधीच धरत नाही. पण त्याच्या फुलातला पराग नसला तर मादीचं फळ टिकत नाही. तुम्ही सगळेच नर काढले?’

लंकाबाई वेली खणलेल्या खड्ड्यांकडं चालत गेली. आणि गर्दीतून आवाज आला, ‘मी तेच म्हनत हुतो, मॅडम!’ श्रीमंतचा. आठ दिवसांत त्याचा नवा व्हिडिओ आला, करटुल्याचा नर-मादी कसा ओळखावा. शरम म्हणून काही असते की नाही?

दिवाळीआधी ऊसतोडीचा ट्रॅक्टर आला. लंकाबाईनं पत्र्याची पेटी, तवा, कोयते वर चढवले. झोपडीवर स्वयंपाक करायला ज्ञानेश्वरीला सोबत न्यायचं ठरलं होतं. ती दप्तर मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली. तेवढ्यात हा मफलरवाला हजर! म्हणाला, ‘पोरी, पुस्तकं नेतीस ते बरं करतीस. फडात बी अभ्यास हुतो.’

माझा तोल गेला. ‘चालता हो इथनं! तुझ्या जिभंला हाड न्हाई आन् मानंवर डोकं न्हाई. पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस, आता आनि अक्कल शिकवतूस व्हय रे?’ सगळ्या गल्लीसमोर मी त्याला धू धू धुतलं. तो मफलर सावरत सटकला. मला फार बरं वाटलं.

ज्ञानेश्वरी वरून म्हणाली, ‘काकू, त्यांना न्हाई कळत. पर तुमच्या माहेरी तर मांडवभर करटुली हाय ना? तुमाला बी ठाव नव्हतं?’

ठाऊक होतं. दहा माद्यांमागं एक नर राखायचा, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण त्या दिवशी श्रीमंतनं मोबाईल माझ्यावर धरला होता. ‘राजेश्वरीवहिनी, कुदळ घेऊन जरा इकडं बघा,’ म्हणाला होता, आणि मी पदर नीट करत होते.

‘न्हाई गं बाई,’ मी म्हणाले, ‘मला कुठलं ठाव.’