दिघाशीचा राब आणि आमचे जावईबापू

भिवंडीला कोणी हवा खायला जात नाही. पण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास वनखात्यातले आमचे जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान वसंतराव, यवतमाळहून बदली होऊन तिथे आले होते. हिवाळ्यात बहिणीला भेटायला गेलो, तर ते म्हणाले, "दादा, उद्या दिघाशीला चला. जंगल कसं राखायचं ते आता लोकांना विचारून ठरवायचं, असा नवा हुकूम आहे."

सकाळी धामणकर नाक्यावर जीपने दगा दिला. शेवटी आम्ही स्वतःला शेअर रिक्षात कोंबून घेतले. वसंतरावांच्या मांडीवर डोंगराच्या नकाशाची लांब गुंडाळी होती आणि ती शेजारच्या लूम कामगाराच्या कानात शिरत होती. तो बिचारा ड्युटी संपवून पेंगत होता. रिक्षावालाच ओरडला, "साहब, पाइप अंदर लो!" सरकारी नकाशाची एवढी शोभा मी पूर्वी पाहिली नव्हती. शेलारला उतरून एस.टी. धरली, तेव्हा कुठे यंत्रमागांचा खडखडाट थांबला आणि भाताची कापलेली खाचरे दिसू लागली.

दिघाशीत आधी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे आली. मी दोनदा मागून घेतली. मग देवळात सभा भरली.

"आजपासून जंगल तुमचं," वसंतराव म्हणाले.

"मंग कालपतुर कोनाचं व्हतं?" मागून कोणीतरी विचारले.

वसंतरावांनी ते ऐकले नाही. त्यांनी नकाशा उलगडला आणि गावामागच्या सगळ्या उतारावर कुऱ्हाडबंदी सुचवली. पुढे बसलेल्या काशीबाई नावाच्या शेतकरीण आजींनी विचारले, "आन आमच्या राबाचं काय, सायेब?"

राब म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाला राबणेच आठवणार. जावईबापू खूश झाले. "राबायचं ना! सगळे मिळून राबू!"

"सगल्यांचा येकत्र? आमचा तं आपापल्या शेतात असतोय."

"शेतात कशाला? डोंगरावरच करू!"

"डोंगरावं?" आजी उभ्याच राहिल्या. "आरं, समदा डोंगर पेटंल ना!"

सभेत जी खसखस पिकली, ती थांबेना. मीही हसलो, पण का ते मला कळले नव्हते. मग आजींनीच समजावले. ऐनाच्या झाडाच्या फांद्या, पाला, शेण शेतात पसरून जाळायचे, त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या जागेतच भाताचे आवण (रोपे) करायचे. "फांदी न्हाय तं राब न्हाय, राब न्हाय तं आवण न्हाय. मंग लावायचं काय, तुजा नकाशा?"

वसंतरावांचा चेहरा उतरला. बंदी कागदावर चढवूनच ते संध्याकाळी परतणार होते. मला मनातून भीती वाटली. एका शब्दापायी गावाचे पुढच्या वर्षीचे पीक जाता जाता राहिले होते.

मात्र त्यांनी नकाशा काखेत मारला आणि म्हणाले, "चला, ऐन दाखवा." डोंगरावर कुठला भाग बंद करायचा यावरून गावकरी आपसांतच इतके भांडले की त्यापुढे सरकार परवडले. अखेर खालचा उतार फांद्यांसाठी मोकळा ठेवायचा, बुंध्याला हात लावायचा नाही, आणि माथा तोडीला नि चराईला बंद, असे ठरले. बकऱ्यावाले नाराजच राहिले. वसंतरावांनी ठरावाचा मजकूर वाचून दाखवला: "स्थानिकांच्या पारंपरिक गरजांसाठी नियंत्रित वापर..."

"यात राब कुटं हाय?" काशीबाई म्हणाल्या.

वसंतरावांनी ते सगळे खोडले आणि लिहिले, "राबासाठी."

परतीच्या एस.टी.त जावईबापू नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले. शेलारचे दिवे दिसू लागले तेव्हा हळूच म्हणाले, "दादा, मला विचारायला पाठवलं होतं. मी सांगूनच परत आलो असतो."

जावयाची थट्टा करण्याची याहून आयती संधी मला कधी मिळाली नव्हती. पण विचारतो असे म्हणून आपलेच ऐकवण्यात मीही घरात काही कमी नाही. मी ती संधी सोडून दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.