कोठीवालीने काढलेलं कुलूप

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या एक्स-रेच्या पाकिटांनी ठासून भरलेल्या कपाटांमागे कॉम्प्युटर विभाग होता, आणि तिथे तिला सगळे कोठीवाली म्हणत. डेटाबेस तिच्या ताब्यात. कुठल्या पेशंटला कुठल्या डॉक्टरने कधी बोलावलंय, ते सगळं तिच्या कोठीत. अकरा वर्षांत एक नोंद इकडची तिकडे झाली नव्हती. हे ती आपण होऊन कुणाला सांगत नसे. पण विषय निघालाच तर तो लवकर संपूही देत नसे.

यंदा हॉस्पिटलने नवा डेटाबेस घेतला. जुना एका मशीनवर राहायचा. हा तीन इमारतींतल्या मशीनवर पसरलेला, एक बंद पडलं तरी बाकीची काम ओढून नेणार. त्याला जुनं मायग्रेशनचं, म्हणजे माहिती जुन्यातून नव्यात हलवण्याचं, टूल जोडायचं काम तिच्याकडे आलं. हे टूल म्हणजे शिस्तीचा कारकून. डेटाबेसच्या टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, करायचे बदल क्रमांक घातलेल्या फाइलींत लिहून ठेवायचे; ते एकेक फाइल चालवतं आणि झाली की टिपून ठेवतं. पण सुरू करण्याआधी डेटाबेसकडे कुलूप मागतं, म्हणजे तेच काम त्याच वेळी दुसऱ्या कुणी सुरू केलं तर त्याला बाहेर थांबावं लागतं.

नव्या डेटाबेसला हे कुलूप ठाऊकच नव्हतं. टूल मागायचं, तो नाही म्हणायचा, घोडं तिथेच अडायचं. तीन दिवस डोकेफोड करून चौथ्या दिवशी तिने सेटिंगमध्ये एक ओळ टाकली: कुलूप मागू नकोस. झटक्यात जोडलं गेलं. कुलपासाठी, 'काम चालू आहे' अशी खूण टाकायला, वेगळं छोटं टेबल करायला हवं, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला आणखी चार दिवस लागले असते, आणि विभागाचे साहेब रोज दारात येऊन उभे राहत होते. ओळीशेजारी तिने लिहिलं, 'तात्पुरतं, नंतर बघू.' हे 'नंतर' कधी उजाडतं, ते कुठल्याही ऑफिसात जाऊन विचारा.

नवी सिस्टीम सुरू करायचं बटण रविवारी सकाळी मास्तरांनी दाबलं. मास्तर म्हणजे पन्नाशी उलटल्यावर शाळेतलं गणित सोडून या धंद्यात आलेले गृहस्थ. हात सावकाश, स्वभाव भिडस्त, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची खोड. कपाट लावलं की परत ओढून बघणार, फोन ठेवला की परत उचलून ठेवणार. विभागातल्या मुली चिडवायच्या, 'मास्तर, शिंक तरी एकदाच द्या.'

त्या बटणाने हा डेटाबेस वापरणारी सिस्टीम दोन वेगळ्या सर्व्हरवर एकाच वेळी सुरू झाली. दोघांनी आपापलं टूल हाकलं. कुलूप नव्हतं, त्यामुळे जुन्या अपॉइंटमेंट नव्या टेबलात नेणारी फाइल दोघांनीही चालवली. सोमवारी सकाळी प्रत्येक पेशंट यादीत दोनदा. डॉक्टरांच्या वेळा भरलेल्या दिसल्या आणि काउंटरवरून माणसं परत पाठवली गेली. प्लास्टर काढायला आलेली एक मुलगी जिन्यात बसून रडली.

लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, तीच फाइल एका सेकंदात दोनदा चाललेली होती, मास्तरांच्या नावाने. साहेबांनी मीटिंग घेतली. कोणी काही विचारायच्या आतच मास्तर खाली मान घालून म्हणाले, "दोनदा दाबलं असेल माझ्याकडून. मला आठवत नाही, पण असेल." दोघीतिघी गालात हसल्या. लॉग पाहताक्षणीच कोठीवालीला सगळं उमगलं होतं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो गेला, आणि मग अकरा वर्षं आडवी आली.

त्याच दुपारी तिने कुलपाचं छोटं टेबल केलं आणि ती ओळ पुसली. चार दिवसांचं म्हणून टाळलेलं काम चोरासारखं तीन तासांत उरकलं. साहेबांनी मास्तरांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. येता-जाता ती त्यांना चहा विचारू लागली, आणि ते दर वेळी इतके मनापासून आभार मानत की तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. उद्या सांगू, म्हणत तिने सहा आठवडे काढले.

दर सोमवारी ती यादीत कोणी दोनदा तर नाही ना, हे तपासायची. सातव्या सोमवारी यादीत मास्तरांचं नाव दिसलं. विस्मरणाचे डॉक्टर, तळमजला, अकरा वाजता. नोंद एकच होती.

ती लिफ्टची वाटही न बघता खाली धावली. मास्तर बायकोबरोबर बाकावर बसले होते. बाईंनी सांगितलं, की त्या घोटाळ्यापासून यांचा स्वतःवरचा विश्वासच उडालाय. बंद गॅस चालू राहिला असं वाटतं, म्हणून अर्ध्या वाटेवरून घरी येतात. स्कूटरची किल्लीसुद्धा यांनीच माझ्याकडे देऊन टाकली, म्हणतात माझा भरवसा नाही.

कोठीवाली उभ्या उभ्याच म्हणाली, "मास्तर, तुम्ही एकदाच दाबलं होतं. कुलूप मी काढून ठेवलं होतं, म्हणून ते दोनदा चाललं. मला त्याच दिवशी कळलं होतं. आत्ता वर जाऊन साहेबांनाही सांगते."

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "परत एकदा सांगा."

दोनदा खात्री करायची त्यांची जुनी खोड. तिने परत सांगितलं, शब्दन्‌शब्द.

बाईंनी पर्स उघडली, स्कूटरची किल्ली काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची मूठ मिटवली. कोठीवालीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.